दोघांनी मिळून पंधरा मिनिटांचं नाटुकलं लिहायचंय? मग बोलायचं दोघांनी, लिहायचं एकाने

कॉलेजचं गॅदरिंग, सोसायटीचा गणपती, ऑफिसचा वर्धापनदिन, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी, कुठेही बघा, दोघंजण ठरवतात की आपण मिळून एक छोटं नाटुकलं लिहूया आणि पुढे जे होतं ते जवळपास ठरलेलंच असतं. पहिल्या दिवशी चहावर धो-धो आयडिया, दुसऱ्या दिवशी गूगल डॉक उघडून त्याला झकास नाव, तिसऱ्या दिवशी "तू पहिली पाच पानं लिही, मी पुढची पाच लिहितो", आणि आठवड्याने हातात येतं ते एक नाटक नसतं, दोन अर्धी नाटकं टाचणीने जोडलेली असतात. पहिल्या अर्ध्यात सासरा विनोदी असतो, दुसऱ्या अर्ध्यात तोच सासरा रडत असतो, मध्ये काय झालं कोणालाच माहीत नाही.

मी आणि माझ्या पार्टनरने पहिल्या वेळी अगदी हेच केलं होतं, म्हणून खालचा क्रम. क्रम म्हणतोय कारण यातल्या गोष्टी बऱ्याच जणांना सुट्या सुट्या माहीत असतात, चुकतं ते आधी काय आणि नंतर काय यात.

इथे बोलतोय ते एकप्रवेशी नाटुकल्याबद्दल. एकच जागा, सलग वेळ, मध्ये ब्लॅकआऊट नाही, १० ते १५ मिनिटं, दोन किंवा फार तर तीन पात्रं. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेतली एकांकिका हा वेगळा मामला आहे, तिथे हात घालण्याआधी हे एकदा करून बघा.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो, आम्ही लिहिलेलं: रात्रीचे नऊ, टेलरचं दुकान, शटर अर्धं खाली. मंदाताई लेकीचं लग्नाचं ब्लाऊज न्यायला आल्यात, उद्या सकाळी लग्न. नाना टेलर ब्लाऊज देत नाहीयेत.

टप्पा १ : कागदावर पाच गोष्टी (अर्धा तास, चहासकट)

कथेबद्दल एक शब्द बोलायच्या आधी हे पाच प्रश्न सोडवा आणि उत्तरं लिहून ठेवा, व्हॉट्सॲपवर एकमेकांना मेसेज केला तरी चालेल.

१. प्रयोग कुठे आहे? स्टेज केवढं, विंगा आहेत का, माईक कसले? सोसायटीच्या मांडवात बऱ्याचदा हातात धरायचे दोनच कॉर्डलेस माईक असतात, आणि पात्राचा एक हात माईकमध्ये अडकला की तुमचं निम्मं नाटक तिथेच संपलं. आमच्या नाटकात सुईत दोरा ओवायचा होता, एका हाताने कसा ओवणार? आम्ही आधी विचारलं म्हणून वाचलो, लटकते माईक मिळाले.

२. किती मिनिटं? आयोजकांनी १५ म्हटलं तर तुमच्यासाठी १२. सेट लावणं-काढणं, निवेदकाची शायरी, हे सगळं त्याच पंधरात धरतात.

३. कलाकार कोण मिळणारेत? साठीचे आजोबा हवेत आणि ग्रुपमध्ये सगळे पंचविशीचे, तर आजोबा लिहू नका. दाढी चिकटवून होत नाही ते.

४. शेवटचा शब्द कोणाचा? हा प्रश्न लोक लाजून टाळतात. मैत्रीत कसला शेवटचा शब्द, असं वाटतं, पण तिसऱ्या ड्राफ्टला एका वाक्यावरून रात्री बारा वाजता जे होतं ते मैत्रीला जास्त महागात पडतं. सोपी वाटणी अशी की कथेबद्दल वाद झाला तर एकाचा शब्द शेवटचा, भाषेबद्दल झाला तर दुसऱ्याचा. टॉस करा हवं तर.

५. नाव आणि हक्क. दोघांची नावं, कुठल्या क्रमाने, आणि पुढे कोणी प्रयोगासाठी विचारलं तर परवानगी दोघांनी मिळून द्यायची, एकट्याने नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखन ही गोष्ट आहेच. ज्या कामात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही ते दोघांचं काम. त्यामुळे "शेवट तर मीच सुचवला होता" याला नंतर फारसा अर्थ राहत नाही.

तपासा: पाचपैकी एकाही प्रश्नाला "बघू नंतर" असं उत्तर असेल तर पुढे जाऊ नका. विशेषतः चौथ्याला.

टप्पा २ : जागा आधी, विषय नंतर

सगळ्यात मोठी चूक इथे होते. दोघं बसतात आणि विषय शोधतात. "मोबाईलचं व्यसन घेऊया", "वृद्धाश्रम घेऊया", "मराठी शाळा वाचवा घेऊया". विषयावरून निघालात की पात्रं भाषणं देतात, कारण त्यांच्याकडे दुसरं काही करायलाच नसतं.

त्यापेक्षा जागा शोधा. दोघांनाही नीट माहीत असलेली, जिथे माणसं हाताने काहीतरी करतात आणि जिथून चटकन निघून जाता येत नाही. पिठाची गिरणी, एसटीची चौकशी खिडकी, रक्त तपासायच्या लॅबचं वेटिंग, लग्नाच्या हॉलमधली वरपक्षाची खोली, रेशनची लाइन. प्रत्येकाने दहा-दहा जागा लिहा, एकमेकांना न दाखवता, मग याद्या शेजारी ठेवा. दोन्ही याद्यांत आलेली जागा मिळाली तर लॉटरी. आमच्या दोन्ही याद्यांत टेलर होता, कारण दोघांच्याही आया ब्लाऊजवरून टेलरशी भांडत आल्यात.

मग त्या जागेतल्या वस्तूंची यादी करा. हे वेळकाढू वाटतं पण पुढे यावरच जगायचंय. आमची यादी: पायाचं मशीन, बॉबीन, खडू, टेप, मोठी कात्री, मापाची वही, अस्तराचे तुकडे, हुकांचं पाकीट, इस्त्री, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, वरून लटकणारा एकच बल्ब. नाटकात या यादीतल्या चारच वस्तू वापरल्या, पण त्या चारांनी नाटक ओढलं.

सावधान: दोघांपैकी एकालाच माहीत असलेली जागा घेऊ नका. माहीत असलेला माणूस मालक होतो, दुसरा त्याचा टायपिस्ट होऊन बसतो.

टप्पा ३ : कोणाला काय हवंय, आणि आजच का

प्रत्येक पात्रासाठी एक वाक्य. "अमुकला आत्ता तमुककडून ही गोष्ट हवीय." गोष्ट म्हणजे हातात घेता येईल अशी किंवा दुसऱ्याने करून दाखवावी अशी. "मंदाताईंना आदर हवाय" चालणार नाही. "मंदाताईंना पाच मिनिटांत ब्लाऊज घेऊन निघायचंय" चालेल. "नानांना मंदाताईंना पंधरा मिनिटं बसवून ठेवायचंय" चालेल. बघा, दोन वाक्यं शेजारी ठेवली की भांडण आपोआप सुरू झालं, आपण काही केलंच नाही.

आता एका पात्राची एक लपवलेली गोष्ट. नानांचं लपवलेलं असं: ब्लाऊज पूर्ण झालंय, फक्त हुक लावायचे राहिलेत, हुक लावणारा पोरगा गावी गेलाय आणि नानांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, दिसतच नाही. शेजारच्या दुकानातला मुलगा परत येईपर्यंत त्यांना वेळ काढायचाय. हे गावात कळलं तर गिऱ्हाईक तुटेल.

आणि घड्याळ. आजच का, आत्ताच का? उद्या लग्न हे झालं, पण स्टेजवर "उद्या" दिसत नाही. म्हणून बाहेर रिक्षा उभी केली, जी दर थोड्या वेळाने हॉर्न मारते. फुकटचं दडपण. पात्र लागत नाही, सेट लागत नाही, विंगेतून एक हॉर्न बास.

इथे पार्टनरशी बहुतेक वेळा वाजतं. एकाला लपवलेली गोष्ट खूप मोठी हवी असते. माझ्या पार्टनरचं म्हणणं होतं की नाना हे मंदाताईंचे जुने प्रियकर असावेत. मी नको म्हटलं, तो दोन दिवस रुसला, पण बारा मिनिटांत जुनं प्रेम, डोळे आणि लग्न एवढं बसत नाही हे त्याला यादी लिहिल्यावर स्वतःलाच कळलं. एक लपवलेली गोष्ट पुरते. दोन असतील तर दुसरीचं वेगळं नाटक लिहा.

तपासा: दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, न बोलता, "शेवटी काय बदललेलं असतं?" याचं उत्तर लिहा. आमचं होतं, "सुरुवातीला मंदाताईंना घाई आहे, शेवटी त्या रिक्षा परत पाठवतात." दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तुम्ही अजून दोन नाटकं लिहिताय. परत बसा. कितीही वेळ जाऊ दे, पण इथून पुढे न जुळता गेलात तर मी सुरुवातीला सांगितलेला टाचणीचा प्रकार होणार म्हणजे होणार.

टप्पा ४ : चिठ्ठ्या जमिनीवर

आता घटनांचा क्रम. सात ते दहा चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एकच घडामोड, संवाद अजिबात नाहीत. जमिनीवर मांडा, हलवा, फाडा. लॅपटॉपवर करू नका, लॅपटॉप एकाच्याच मांडीवर असतो.

आमच्या चिठ्ठ्या अशा होत्या:

१. मंदाताई येतात, ब्लाऊज मागतात, नाना "इस्त्री तापतीय, बसा" म्हणतात.
२. हॉर्न. मंदाताई इस्त्रीला हात लावतात, गार आहे.
३. मंदाताईंना वाटतं कापड बिघडवलं. आरोप.
४. नाना दुखावतात, आवाज चढवतात.
५. मंदाताई फडक्याखालून ब्लाऊज ओढून काढतात. सुंदर शिवलंय. हुक नाहीत.
६. नाना: हुक संपलेत. हुकांचं पाकीट समोरच पडलंय.
७. मशीनवर सुई, शेजारी चावून चावून चोथा झालेलं दोऱ्याचं टोक. मंदाताईंना कळतं.
८. मंदाताई काही न बोलता सुई ओवून देतात. हॉर्न. त्या बाहेर जाऊन रिक्षा परत पाठवतात.

दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये "आणि मग" येतंय की "म्हणून" येतंय ते बघा. इस्त्री गार होती *म्हणून* संशय आला, संशय आला *म्हणून* आरोप केला, आरोप झाला *म्हणून* नाना चिडले. जिथे "आणि मग" येतंय ती चिठ्ठी बहुधा फालतू आहे. आमच्याकडे एक चिठ्ठी होती, "दोघं जुन्या आठवणी काढतात". आधी जोडा "आणि मग", पुढे जोडा "आणि मग". फाडली.

सावधान: शेवटची चिठ्ठी शेवटच्या रांगेपर्यंत दिसायला हवी. म्हणजे खरोखर *दिसायला*. सुईत दोरा ओवणं दहाव्या रांगेतून कोणाला दिसणार? म्हणून तो लटकता बल्ब कामाला आला: मंदाताई उठतात, बल्बखाली जातात, सुई उजेडासमोर वर धरतात, दोरा जिभेवर ओला करतात. आता शेवटच्या रांगेला सुई दिसत नाही, पण बाई काय करतेय ते दिसतं. बारीक कृती लिहिलीत तर ती मोठी कशी होईल तेही लिहितानाच ठरवा, दिग्दर्शकावर सोडू नका.

टप्पा ५ : आधी तोंडाने खेळा

चिठ्ठ्या झाल्या की हात लगेच कीबोर्डकडे जातात. थांबा. उभे राहा. तू नाना, मी मंदाताई. फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि चिठ्ठ्यांच्या क्रमाने बोलत सुटा. मग पात्रं बदलून परत. दोन्ही वेळा हसू येईल, अवघडल्यासारखं होईल, पहिली पाच मिनिटं कचराच निघतो, निघू द्या.

याचा फायदा काय, तर माणसं खरं बोलताना जे करतात ते आपोआप येतं. अर्धं वाक्य सोडणं, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणं, विषय टाळायला "चहा सांगू का?" म्हणणं. टेबलावर बसून लिहिताना हे सुचत नाही, तिथे सगळी पात्रं पूर्ण वाक्यात, व्याकरणशुद्ध बोलतात, बातम्या दिल्यासारखी.

पात्रं बदलणं विसरू नका. एकानेच नाना धरला की नाना त्याचे होतात, मग कापताना त्याला वाटतं आपल्यालाच कापतायत.

रेकॉर्डिंग ऐकताना चांगली वाक्यं कागदावर उतरवा. व्हॉइस टायपिंगला मराठी बऱ्यापैकी जमतं, पण दोघं एकावर एक बोलत असतील तर गोंधळ घालतं. हाताने उतरवलेलं बरं.

टप्पा ६ : पहिला ड्राफ्ट एकानेच

लेखाच्या नावातच आहे हे, तरी परत सांगतो कारण लोक इथेच मोडतात. पहिला ड्राफ्ट एकाच माणसाने, सलग, दोन दिवसांत. दुसऱ्याने त्या दोन दिवसांत फाइल उघडून बघायचीसुद्धा नाही. गूगल डॉकमध्ये दोन कर्सर एकाच वेळी पळत असतील तर लिहिणारा लिहीत नाही, तो परीक्षा देतो.

मग "मिळून" काय राहिलं? सगळंच. जागा, माणसं, क्रम, वाक्यं दोघांची आहेत, चालवायचा हात तेवढा एकाचा. पुढच्या नाटकाला दुसऱ्याचा.

लिहिणाऱ्याने करायच्या गोष्टी: सुरुवात शक्य तितकी उशिरा करा. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये नाना एकटेच दीड मिनिट दुकान आवरत होते, गुणगुणत होते. कापलं. आता पडदा उघडतो तेव्हा मंदाताई शटरखालून वाकून आत येतायत. तशीच दुसरी गोष्ट, पात्रांनी एकमेकांना आधीच माहीत असलेलं सांगू नये. "मंदाताई, उद्या तुमच्या थोरल्या लेकीचं अकरा वाजून दहा मिनिटांनी लग्न, नाही का!" असं कोण बोलतं?

आणि लपवलेलं उघड करताना भाषण नको. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हे होतं:

नाना : मंदाताई, तीस वर्षं या गावाचे कपडे शिवले, पण आता डोळ्यांनी साथ सोडलीय, सुईत दोरा ओवता येत नाही, आणि हे कोणाला कळलं तर माझं दुकान बंद पडेल या भीतीने मी आज तुमच्याशी खोटं बोललो.

लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं, खरं सांगतो. वाचून दाखवल्यावर समोरचे खाली बघायला लागले. शेवटच्या ड्राफ्टमध्ये नाना डोळ्यांचा उल्लेखच करत नाहीत. सुरुवातीचा तुकडा असा झाला:

नाना : बसा की. इस्त्री तापतीय.
मंदाताई : रिक्षा उभीय बाहेर.
नाना : तापली की लगेच.
(मंदाताई इस्त्रीवर हात ठेवतात. काढत नाहीत.)
मंदाताई : नाना, वायरच लावली नाही वो.
(पॉज.)
नाना : …चहा सांगू?

"काढत नाहीत" हे दोन शब्द. यावर दरवेळी हशा येतो, आणि तो संवादाने आलेला नाही.

सावधान: कंसातल्या सूचना आवरा. "(दुःखाने, पण थोड्या रागाने, आतून तुटत)" असलं नटाला काही कामाचं नसतं. हालचाल लिहा, भावना नको.

टप्पा ७ : आता दुसऱ्याचा हात

ड्राफ्ट मिळाला की दुसऱ्याने लगेच दुरुस्त करायला घ्यायचं नाही. एकदा सलग वाचा, पेन दूर ठेवून. मग फक्त तीन खुणा करा: जिथे कंटाळा आला, जिथे खोटं वाटलं, जिथे कळलं नाही. कारण सांगा, पर्यायी वाक्य सांगू नका. "इथे मंदाताई एवढ्या लवकर का शांत झाल्या?" हा प्रश्न लिहिणाऱ्याला कामाला लावतो, "इथे असं लिही" म्हटलं की भांडायला लावतो.

दुरुस्तीचा दुसरा ड्राफ्ट मात्र या दुसऱ्या माणसाने करायचा. हो, पूर्ण फाइल त्याच्या ताब्यात. डॉकमध्ये सजेशन मोड ठेवा म्हणजे मूळ वाक्य पुसलं जात नाही, आणि जुना ड्राफ्ट वेगळा सेव्ह करून ठेवा. फाइलच्या नावात "फायनल" हा शब्द वापरायला सक्त मनाई, तारीख टाका. "फायनल_नवीन_खरंच_फायनल" कोणाच्या लॅपटॉपवर नाहीये सांगा.

एखाद्या वाक्यावर दोघंही अडले तर टप्पा १ मधला कागद काढा. कथेचा प्रश्न की भाषेचा? ज्याचा शब्द शेवटचा त्याने ठरवायचं, दुसऱ्याने त्या विषयावर परत बोलायचं नाही. तालमीतसुद्धा नाही.

टप्पा ८ : भाषेची शिवण

दोन माणसांनी लिहिलेलं पकडलं जातं ते इथे. मी सांगलीकडचा, पार्टनर नागपूरचा. त्याच्या हातून गेलेल्या पानांवर नाना "इस्त्री तापून राहिली" म्हणायला लागले. वाक्य झकास होतं, पण दोन पानं आधी हेच नाना "तापतीय" म्हणत होते. माणसाने चार मिनिटांत सांगली ते नागपूर प्रवास केला.

म्हणून एका पात्रासाठी एकदा पूर्ण संहिता वाचा, फक्त त्याचीच वाक्यं, सलग. मग दुसऱ्या पात्रासाठी. बघायचं काय:

- कोण कोणाला काय म्हणतं? आमच्याकडे नाना "मंदाताई, तुम्ही" आणि मंदाताई "नाना, तुम्ही". दुसऱ्या ड्राफ्टमध्ये एके ठिकाणी नाना चिडून "ए मंदे" म्हणाले आणि वाचणाऱ्या सगळ्यांना वाटलं यांचं काहीतरी जुनं आहे. (पार्टनरने मुद्दाम घुसवलं होतं असा माझा आजही संशय आहे.) अरे-तुरेवरून अहो-जाहोवर किंवा उलट, हा बदल मराठीत फार मोठी घटना असते. ती घडवायचीच असेल तर चिठ्ठीवर घ्या, चुकून नको.
- पात्र कुठलं? सगळ्यांनी पुस्तकी बोलायचं नाही तसं सगळ्यांनी गावरानही बोलायचं नाही. जी बोली दोघांपैकी एकाला घरातून येते तीच वापरा. हसवण्यासाठी ऐकीव मालवणी किंवा वऱ्हाडी घातली की त्या भागातला माणूस प्रेक्षकांत असतोच, आणि तो हसत नाही.
- एकाच पात्राच्या तोंडी लकबी किती? "काय समजलं" एकदा गोड, पाचदा डोकेदुखी. दोघांनी आपापल्या परीने तीच लकब वाढवलेली असते, मोजा.

टप्पा ९ : परक्यांकडून वाचून घ्या, घड्याळ लावून

स्वतः वाचू नका. तुम्ही वाचलंत की न लिहिलेलंही आवाजात घालता. संहिता आधी न वाचलेल्या दोघांना द्या आणि तुम्ही दोघं समोर गप्प बसा. अजिबात समजावून सांगायचं नाही. वाचणारा अडखळला की खूण करा. दोन वेगळ्या माणसांनी एकाच जागी अडखळलं तर वाक्यात खोट आहे, त्यांच्यात नाही.

वेळ मोजा. पानं मोजून वेळ निघत नाही. खुर्चीत बसून वाचलेलं आमचं ९ मिनिटांचं होतं, स्टेजवर जवळपास १२ झालं. हशा, पॉज, शटरखालून वाकणं, बल्बपर्यंत जाणं, हे वाचनात कुठे मोजलं जातं? त्यामुळे १२ हवी असतील तर वाचनात ९ ला थांबा.

वाचन संपल्यावर "कसं वाटलं?" विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. "नाना काय लपवत होते आणि तुम्हाला ते कधी कळलं?" विचारा. आमच्या एका वाचणाऱ्याला तिसऱ्या मिनिटालाच कळलं होतं, कारण नाना सुरुवातीलाच डोळे चोळत होते. ते काढलं. दुसऱ्या वाचनात सहाव्या-सातव्या मिनिटाला कळायला लागलं, म्हणजे साधारण मंदाताईंच्या थोडंसं आधी. तिथेच हवं होतं.

टप्पा १० : कात्री

दोघांनी वेगवेगळ्या प्रिंटवर आपल्याला काढावीशी वाटणारी वाक्यं खोडा. दोन्हींत खोडलेली वाक्यं चर्चा न करता गेली. एकातच खोडलेली असतील त्यांवर बोला, पण प्रत्येक वाक्याला एक मिनिट, त्याच्यापुढे नाही. आणि आपणच सुचवलेल्या किमान तीन वाक्यांवर स्वतः काट मारायची असा नियम ठेवा, जरा दुखतं पण वातावरण निवळतं.

शेवट एक ओळ आधी संपतोय का बघा. आमच्या शेवटी रिक्षा गेल्यावर मंदाताई परत येऊन म्हणायच्या, "माणसाला माणूसच लागतो, नाना." गेलं. आता बाहेरून फक्त त्यांचा आवाज येतो, "जा वो तुम्ही, मला वेळ हाय," आणि आत नाना पहिला हुक लावतायत.

टप्पा ११ : स्वच्छ प्रत आणि कागदपत्रं

युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की सगळी अक्षरं कीडा-मुंगी होतात, म्हणून प्रिंटला द्यायची ती पीडीएफच. अक्षर १४ च्या खाली नको, तालमीत लोक संहिता जमिनीवर ठेवून वाचतात. पान क्रमांक घाला, उजवीकडे रुंद समास सोडा म्हणजे दिग्दर्शकाला हालचाली लिहायला जागा मिळते. पहिल्या पानावर पात्रं, वयं, जागा, आणि लागणाऱ्या वस्तूंची यादी. हुकांचं पाकीट त्या यादीत नसेल तर प्रयोगाच्या दिवशी हमखास नसतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोग असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, स्पर्धावाले प्रवेशाच्या वेळी त्याबद्दल विचारतात. तुमच्या कार्यक्रमाला काय लागू आहे ते आयोजकांकडून आधीच खात्री करून घ्या, आदल्या आठवड्यात धावपळ नको.

तालमीत दोघांनी एकदम जाऊन बसू नका. नटाला दोन लेखक दोन वेगळी उत्तरं देतात आणि दिग्दर्शक मनातल्या मनात शिव्या देतो. एकानेच जायचं, आणि तालमीत बदललेलं प्रत्येक वाक्य त्याच रात्री मूळ फाइलमध्ये चढवून नवी प्रत सगळ्यांना द्यायची, प्रॉम्प्टरला, म्हणजे विंगेतून विसरलेलं वाक्य सुचवणाऱ्याला, सगळ्यात आधी. आमच्या पहिल्या प्रयोगाला त्याच्या हातात तीन आठवड्यांपूर्वीची प्रत होती. नाना एक सेकंद थांबले, तो पॉज होता, आणि विंगेतून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात आलं, "तीस वर्षं या गावाचे कपडे शिवले…"